गाठ किती चमकते, आणि का

पेट स्कॅनचा रिपोर्ट हातात आला की घरातलं कोणी ना कोणी सगळ्यात आधी एकच आकडा शोधतं: 'एसयूव्ही मॅक्स' या शब्दांपुढचा. तो तीन असेल तर सगळ्यांना हायसं वाटतं, चौदा असेल तर चेहरे उतरतात. मग त्या पानाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून नातेवाइकांत फिरतो आणि कोणीतरी कळवतं, "आमच्या मावशींचा तर सातच होता."

त्या आकड्यात माहिती भरपूर आहे, पण लोक समजतात ती नव्हे. कॅन्सर किती आहे किंवा किती वाईट आहे, हे तो थेट सांगत नाही. शरीरातल्या एखाद्या जागेने त्या तासाभरात किती साखर ओढून घेतली, तेवढं तो सांगतो. ती साखर कोणी ओढली आणि का, हे कळायला गाठीचा स्वभाव माहीत असावा लागतो आणि तो स्वभाव बायोप्सीच्या कागदावर लिहिलेला असतो.

समजा पन्नाशीच्या दोघीजणी आहेत. दोघींच्या स्तनातली गाठ अडीच सेंटिमीटरचीच. एकीचा एसयूव्ही ३ आणि दुसरीचा १४. आता त्यांचे बायोप्सीचे रिपोर्ट शेजारी ठेवा. पहिलीचा ग्रेड १, ईआर आणि पीआर (इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या हार्मोनचे रिसेप्टर) पॉझिटिव्ह, हर-टू (वाढीचा संदेश घेणारा रिसेप्टर) निगेटिव्ह, केआय-६७ (विभागणाऱ्या पेशींचं प्रमाण) आठ टक्के. दुसरीचा ग्रेड ३, ट्रिपल निगेटिव्ह, केआय-६७ सत्तर टक्के. हे कागद पाहिलेल्या डॉक्टरला पेटच्या आकड्यांचं फारसं आश्चर्य वाटणार नाही. आकडे उलटे आले असते, तर मात्र तो थबकला असता.

पेटमध्ये जे औषध शिरेतून देतात त्याचं नाव फ्लुओरोडीऑक्सिग्लुकोज, रोजच्या बोलण्यात एफडीजी. ही ग्लुकोजच, फक्त तिच्या दुसऱ्या क्रमांकाच्या कार्बनवरचा ऑक्सिजन-हायड्रोजनचा गट काढून तिथे किरणोत्सारी फ्लुओरिन-१८ बसवलेला असतो. पेशीच्या पडद्यावर ग्लुकोज आत नेणारी प्रथिनं असतात. त्यांतलं ग्लूट-१ कॅन्सरच्या पेशींवर बहुधा जास्त असतं. या प्रथिनांना खरी साखर आणि ही बनावट साखर यांत फरक कळत नाही. आत गेल्यावर हेक्सोकायनेज हे एन्झाइम तिला फॉस्फेट चिकटवतं, खऱ्या साखरेला चिकटवतं तसंच. पण पुढच्या पायरीला दुसऱ्या कार्बनवरचा तोच काढून टाकलेला गट लागतो. त्यामुळे एफडीजीचा प्रवास तिथेच थांबतो, आणि फॉस्फेट चिकटलेलं असल्यामुळे तिला पेशीबाहेरही पडता येत नाही. ती आत साठत जाते. फ्लुओरिन-१८ मधून बाहेर पडलेला पॉझिट्रॉन जवळच्याच एखाद्या इलेक्ट्रॉनला भेटतो, दोघेही नाहीसे होतात आणि ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे दोन गॅमा किरण विरुद्ध दिशांना निघतात. रुग्णाभोवतीच्या कड्यातले संवेदक ते एकाच क्षणी टिपतात. अशा लाखो जोड्यांवरून चित्र तयार होतं.

फ्लुओरिन-१८ चं अर्धायुष्य ११० मिनिटं. १९७६ साली अमेरिकेत लाँग आयलंडवरच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत तात्सुओ इदो, अल्फ्रेड वुल्फ, जोआना फाउलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे औषध तयार केलं आणि ते विमानाने फिलाडेल्फियाला पाठवलं. तिथे पेनसिल्वेनिया विद्यापीठात अबास अलावी यांनी त्या ऑगस्टमध्ये ते पहिल्यांदा माणसाला दिलं. त्या वेळी पाहायचा होता मेंदू, कॅन्सर नव्हे. भारतात असं फ्लुओरिन बनवणारं पहिलं वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ साली मुंबईत परळला, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झालं. आजही ज्या गावात सायक्लोट्रॉन नाही तिथलं पेट सेंटर सकाळी निघालेल्या गाडीच्या भरवशावर चालतं. शिशाच्या डब्यातलं औषध रस्त्यातच कमी होत असतं, म्हणून "अकराला या" म्हणजे अकरालाच या. पेटच्या अपॉइंटमेंटला उशीर झाला की तिथले लोक एवढे का वैतागतात, त्याचं कारण हे.

स्कॅनच्या दिवशीच्या सूचनाही अशाच, वरवर विचित्र वाटणाऱ्या. चार ते सहा तास काही खायचं नाही, पाणी प्यायलं तर चालेल. आदल्या दिवसापासून व्यायाम नको. गेल्या गेल्या बोटाला टोचून साखर बघतात. ती साधारण २०० च्या वर असली तर बऱ्याच ठिकाणी स्कॅन पुढे ढकलतात, कारण रक्तातली खरी साखर बनावट साखरेशी स्पर्धा करते आणि गाठ फिकी दिसते. इन्शुलिन टोचून साखर झटपट खाली आणावी, तर एफडीजी स्नायूंत शिरते आणि सगळे हातपाय उजळून निघतात. इंजेक्शननंतर तासभर एका खोलीत स्वस्थ पडून राहायचं, मोबाइल बाजूला ठेवायचा. अंगावर ब्लँकेट देतात ते केवळ आपुलकीपोटी नव्हे. थंडी वाजली की मानेजवळची, खांद्यांच्या वरची तपकिरी चरबी उष्णता निर्माण करायला साखर जाळू लागते, आणि तिथेच तर स्तनाच्या कॅन्सरच्या लिम्फ नोड शोधायच्या असतात. स्कॅनमध्ये मेंदू नेहमीच लखलखीत असतो, म्हणून मेंदूतल्या लहान गाठी या तपासणीत हरवतात आणि त्यांच्यासाठी एमआरआय लागतो. मूत्राशयही उजळतं, कारण मूत्रपिंड खरी साखर परत शोषून घेतं आणि एफडीजीला जाऊ देतं.

एसयूव्हीचा हिशेब तोंडी करता येण्यासारखा आहे. साठ किलोच्या बाईला ३०० मेगाबेकरेल एफडीजी दिली आणि ती सगळ्या शरीरात अगदी सारखी पसरली, तर प्रत्येक ग्रॅमच्या वाट्याला ५ किलोबेकरेल येतील. हा झाला एसयूव्ही १. गाठीत ग्रॅमला ५० किलोबेकरेल सापडले तर एसयूव्ही १०. म्हणजे सरासरीच्या दहा पट. आता या भागाकारात वजन आहे, दिलेला डोस आहे, इंजेक्शन आणि स्कॅन यांच्यामधला वेळ आहे, त्या दिवशीची साखर आहे, यंत्राचा मेक आणि चित्र जुळवण्याची पद्धतही आहे. साठऐवजी नव्वद मिनिटांनी स्कॅन काढला तर बऱ्याच गाठींचा आकडा वाढतो. म्हणून एका सेंटरचा ७ आणि दुसऱ्या सेंटरचा ८.५ यांतून आजार वाढला असं म्हणणं धाडसाचं आहे, आणि मावशींच्या सातशी आपल्या चौदाची तुलना करण्याला तर काही अर्थच नाही.

कॅन्सरची पेशी एवढी साखर कशाला ओढते? बर्लिनच्या ओटो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकात दाखवलं की गाठीतल्या पेशी भरपूर ऑक्सिजन असतानाही साखर पूर्ण न जाळता तिचं लॅक्टिक आम्ल करतात. (१९३१ चं त्यांचं नोबेल मात्र श्वसनाच्या एन्झाइमसाठी होतं.) साखरेच्या एका रेणूपासून पूर्ण ज्वलनात मिळणाऱ्या ऊर्जेच्या मानाने या वाटेने अगदी थोडी ऊर्जा मिळते. पेशीतली ऊर्जा बनवणारी यंत्रणाच बिघडलेली असावी, असं वारबुर्ग यांना वाटत होतं. बहुतेक गाठींत ती धड असते, हे पुढे कळलं. झपाट्याने विभागणाऱ्या पेशीला ऊर्जेइतकाच कच्चा माल लागतो. नवा डीएनए, नवे पडदे, नवी प्रथिनं बांधायला कार्बन लागतो. साखर अर्धवट वापरली की तो कार्बन बांधकामाकडे वळवता येतो. तेव्हा जास्त साखर म्हणजे बहुधा जास्त वेगाची वाढ. यातला 'बहुधा' महत्त्वाचा.

इथे स्तनाच्या कॅन्सरचे प्रकार समोर येतात. २००० साली चार्ल्स पेरू आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये गाठींतल्या हजारो जनुकांच्या हालचालींचा नकाशा छापला आणि एका नावाखाली मोडणारे हे आजार मुळात वेगवेगळे आहेत, हे त्यातून स्पष्ट झालं. दवाखान्यात रोज जनुकांचा नकाशा काढत नाहीत. ईआर, पीआर, हर-टू आणि केआय-६७ या चार रंग-तपासण्यांवरून अंदाज बांधतात. ल्युमिनल-ए गाठ इस्ट्रोजेनवर पोसलेली, संथ आणि पेटवर सरासरीने सगळ्यात फिकी. ल्युमिनल-बी तिच्याहून चपळ आणि थोडी उजळ. हर-टू पॉझिटिव्ह गाठी बऱ्यापैकी उजळ. आणि ट्रिपल निगेटिव्ह, ज्यांत यातला एकही रिसेप्टर नसतो, त्या सरासरीने सगळ्यांत तेजस्वी. ग्रेड चढला की चमक वाढते, केआय-६७ चढला की वाढते. पाश्चात्त्य देशांत ट्रिपल निगेटिव्हचं प्रमाण दहा-पंधरा टक्के सांगतात. भारतात ते त्याहून ठळकपणे जास्त आहे, साधारण पाव हिश्शाच्या आसपास. त्यामुळे आपल्याकडे लखलखीत स्कॅन जास्त दिसले तर नवल नको.

पण हे सगळे सरासरीचे हिशेब. प्रत्यक्षात गटांच्या कडा एकमेकांवर चढलेल्या असतात. एसयूव्ही ६ पाहून गाठ कोणत्या प्रकारची, हे कोणी सांगू लागलं तर ते ज्योतिष झालं.

चमक नेमकी कशातून येते, हे ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी तपासलं होतं. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात रुग्णांचा पेट आधी केला होता आणि मग काढलेली गाठ सूक्ष्मदर्शकाखाली तपासली होती. ग्लूट-१ किती, विभागणाऱ्या पेशी किती, मेलेला भाग किती, एकेका घनमिलिमीटरमध्ये कॅन्सरच्या पेशी किती दाटीने आहेत, रक्तवाहिन्या किती, लिम्फोसाइट या रोगप्रतिकारक पेशी किती: या सगळ्यांशी एफडीजीचं नातं दिसलं. पाठ्यपुस्तकांचं लाडकं हेक्सोकायनेज-२ मात्र त्या यादीत नव्हतं, नातं दिसलं ते हेक्सोकायनेज-१ शी. मला या यादीतल्या दोन गोष्टी सगळ्यात बोलक्या वाटतात: दाटी आणि लिम्फोसाइट.

दाटीचं महत्त्व लोब्युलर कॅन्सरमध्ये कळतं. स्तनाच्या पसरणाऱ्या कॅन्सरपैकी साधारण दहा ते पंधरा टक्के या जातीचे. यातल्या पेशींनी ई-कॅडहेरिन हे प्रथिन गमावलेलं असतं. शेजारच्या पेशीला धरून राहण्याचं काम त्याचं. धरबंद सुटल्यावर या पेशी गोळा करत नाहीत, निरोगी पेशीजालातून एकामागे एक अशा रांगेने सरकतात. मध्ये तंतू, चरबी, पुन्हा दोन-चार पेशी. हाताला गाठ अशी लागत नाही, नुसता एक घट्टपणा लागतो. मॅमोग्राफीही पुष्कळदा चकते. अशा जागेतल्या एका ग्रॅममध्ये कॅन्सरच्या पेशी मुळातच कमी, त्यात त्या बहुधा ईआर पॉझिटिव्ह, संथ आणि ग्लूट-१ कमी बाळगणाऱ्या. सगळ्या बाजूंनी चमक घटते. पाच सेंटिमीटर पसरलेला लोब्युलर कॅन्सर पेटवर धुरकट सावलीसारखा दिसू शकतो किंवा दिसतच नाही. हा प्रकार पोटाच्या पडद्यावर, अंडाशयांत, जठराच्या भिंतीत अशा आडवाटेच्या जागी पसरतो, आणि तिथेही तो फिकाच. अशा बाईच्या रिपोर्टवर 'लक्षणीय शोषण नाही' लिहिलं असेल, तर त्यातून निर्धास्त होण्याजोगं फारसं काही नाही. स्तनातला पसारा मोजायला तिथे एमआरआय जास्त कामाचा.

लिम्फोसाइटचा मुद्दा वेगळ्या वाटेने जातो. स्कॅनमध्ये उजळलेली साखर कॅन्सरच्या पेशींनीच खाल्ली, असं आपण गृहीत धरतो. जपानमध्ये सेंदाईच्या कुबोता आणि सहकाऱ्यांनी १९९२ साली उंदरांच्या गाठींचे पातळ काप घेऊन पेशीपेशीत एफडीजी कुठे साठली ते पाहिलं. गाठीभोवती जमलेल्या मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशींमध्ये आणि नव्याने भरणाऱ्या उतीत ती कॅन्सरच्या पेशींपेक्षाही जास्त होती. २०२१ साली 'नेचर'मध्ये अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या गटाने उंदरांवरच दाखवलं की गाठीतली सगळ्यात जास्त साखर, पेशीमागे मोजली तर, मायलॉइड जातीच्या रोगप्रतिकारक पेशी ओढतात, आणि कॅन्सरच्या पेशींचा ओढा ग्लुटामिनकडे अधिक असतो. ट्रिपल निगेटिव्ह गाठींत अशा रोगप्रतिकारक पेशींची गर्दी बऱ्याचदा मोठी असते. मग तिथल्या चमकेतला किती वाटा आजाराचा आणि किती त्याच्याशी लढणाऱ्यांचा? पेटचा आकडा याचं विभाजन करून देत नाही.

आपल्या देशात याचा रोकडा परिणाम म्हणजे क्षयरोग. छातीच्या मध्यभागातल्या टीबीच्या लिम्फ नोड एफडीजी पोटभर ओढतात, फुफ्फुसातला जुना-नवा टीबीचा ठिपकाही ओढतो. स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णाच्या स्कॅनमध्ये असं काही दिसलं की 'स्टेज ४' हा शब्द घरात शिरतो. अनुभवी डॉक्टर तो शब्द उच्चारण्याआधी सुई घालून तुकडा काढतो. निव्वळ चमकेवर कोणालाही चौथ्या स्टेजला नेऊन बसवू नये, हा नियम आपल्याकडे दुप्पट लागू आहे. २०२१ मध्ये कोविडच्या लसीने याचा धडा जगभर दिला. ज्या दंडात लस टोचली त्या बाजूच्या काखेतल्या लिम्फ नोड कित्येक आठवडे उजळत राहिल्या. मग स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांना लस दुसऱ्या बाजूच्या दंडात घ्यायला सांगू लागले.

काखेचा विषय निघाला म्हणून आकाराचंही सांगायला हवं. पेटच्या यंत्राची नजर साधारण चार-सहा मिलिमीटरची. त्याहून लहान गोष्टीची चमक आजूबाजूला पसरते, टीपकागदावर पडलेल्या शाईच्या थेंबासारखी: शाई तेवढीच, डाग मोठा आणि फिका. म्हणून एक सेंटिमीटरच्या आतल्या गाठीचा आकडा नेहमी खऱ्यापेक्षा कमी छापला जातो, आणि काखेतल्या लिम्फ नोडमधले दोन-तीन मिलिमीटरचे कॅन्सरचे पुंजके तर सापडतच नाहीत. काखेत स्पष्ट उजळलेली लिम्फ नोड दिसली तर ती कॅन्सरची असण्याची शक्यता चांगली मोठी. काही दिसलं नाही तर त्यावरून काख स्वच्छ ठरत नाही. सेंटिनल, म्हणजे काखेतली पहिली, लिम्फ नोड काढून तपासण्याच्या शस्त्रक्रियेची जागा पेटला घेता आलेली नाही ती यामुळे.

लहान गाठ, काख मोकळी, काही त्रास नाही, अशा पहिल्या-दुसऱ्या स्टेजच्या आजारात सरसकट पेट करू नका, असं अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ सालीच जाहीर केलं. तरीही आपल्याकडे "एकदा सगळं बघून टाकू" म्हणून तो केला जातो. खर्च होतो तो वेगळाच. एवढ्या लवकरच्या आजारात खरं दूरवरचं पसरणं क्वचित सापडतं आणि त्याऐवजी थायरॉइडचा ठिपका, जुना टीबी, आतड्याची सूज असं काहीबाही हाती लागतं. प्रत्येकामागे नवी तपासणी, नवी धास्ती, लांबलेलं ऑपरेशन. गाठ मोठी असेल, काखेत लिम्फ नोड लागत असतील, कातडी लाल आणि सुजलेली असेल, तेव्हा मात्र पेट आपली किंमत वसूल करतो: छातीच्या हाडामागच्या लिम्फ नोड, हाडातला न दुखणारा ठिपका, यकृतातली गाठ तो एका झटक्यात समोर ठेवतो.

हाडांमध्ये पुन्हा गाठीचा स्वभाव आडवा येतो. हाड पोखरणारे ठिपके एफडीजीवर छान उजळतात. ज्यांच्याभोवती हाड उलट घट्ट होत जातं, ते ठिपके सीटीवर पांढरे आणि पेटवर फिके दिसतात. ईआर पॉझिटिव्ह आजारात हे दुसरे ठिपके बरेच असतात. शिवाय औषध लागू पडलं की पोखरलेलं हाड भरून येताना घट्टच होतं. म्हणजे सीटीवरचं जास्त पांढरं आणि पेटवरचं कमी उजळ हे एकत्र आलं, तर बातमी बहुधा चांगली. पण हे दोन्ही शेजारी ठेवून पाहणारा माणूस लागतो.

उपचार सुरू झाल्यावर पेटचा खरा उपयोग सुरू होतो. १९९३ साली अमेरिकेत मिशिगनला रिचर्ड वॉल यांच्या गटाने मोठ्या गाठी असलेल्या अकरा बायकांचा केमोच्या आधी आणि नंतर पुन्हा पुन्हा पेट केला. औषध ज्यांना लागू पडत होतं त्यांच्या गाठींचं साखर ओढणं आठव्या दिवशीच घटलेलं होतं. हाताला गाठ अजून तेवढीच लागत होती. पेशी मरण्याआधी तिचा कारभार मंदावतो, आणि पेट पाहतो तो कारभार.

याला एक मासलेवाईक अपवाद आहे. टॅमॉक्सिफेन ही हार्मोनविरोधी गोळी सुरू केल्यावर ईआर पॉझिटिव्ह आजार असलेल्या काही बायकांच्या गाठी पहिल्या आठवडा-दहा दिवसांत जास्त उजळतात. हाडं दुखू लागतात, रुग्ण घाबरून फोन करते, कोणालाही वाटेल की औषध उलटलं. सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २००१ मध्ये चाळीस बायकांत हे नीट पाहिलं. ज्यांच्या गाठी अशा भडकल्या, त्यांनाच पुढे औषधाचा फायदा झाला. टॅमॉक्सिफेन सुरुवातीला रिसेप्टरला किंचित इस्ट्रोजेनसारखंच चेतवतं. गाठ भडकली याचा अर्थ तिचा रिसेप्टर जिवंत आहे आणि हार्मोनचं ऐकतो. केमोमध्ये वाढलेला एसयूव्ही आणि टॅमॉक्सिफेनच्या पहिल्या पंधरवड्यात वाढलेला एसयूव्ही छापताना सारखेच दिसतात. अर्थ उलटे.

गाठीचा स्वभाव आणि पेट यांची सांगड घालून उपचारच बदलता येतात का, हे स्पेनमधल्या हाविएर कोर्तेस आणि सहकाऱ्यांनी 'फेरगेन' चाचणीत आजमावलं. हर-टू पॉझिटिव्ह, अजून न पसरलेला आजार. एकूण ३५६ बायका. त्यांतल्या २८५ जणींना केमो न देता फक्त ट्रॅस्टुझुमॅब आणि पर्टुझुमॅब ही हर-टूवरची दोन औषधं दिली. आजार हार्मोनचाही असेल तर जोडीला हार्मोनविरोधी गोळी. दोन डोसनंतर पेट. एसयूव्ही ४० टक्के किंवा त्याहून अधिक उतरला तर केमोशिवायच पुढे जायचं, नाही तर केमो सुरू. दहापैकी आठ जणींचा आकडा उतरला. त्यांपैकी ८६ जणींच्या गाठीत ऑपरेशनच्या वेळी कॅन्सरची एकही पसरणारी पेशी सापडली नाही, एकही केमो न घेता. पेटवर चालवलेल्या या पूर्ण गटात तीन वर्षांनी आजार न परतलेल्या बायका सुमारे ९५ टक्के होत्या. केस न गळता, उलट्या न होता बरं होण्याची ही वाट अजून रोजच्या उपचारात रुळलेली नाही. पण एसयूव्ही किती आहे यापेक्षा तो कितीने उतरला, हे जास्त कामाचं असतं, हे तिने चांगलं दाखवलं. इथे आकड्याची तुलना मावशींशी नसते. त्याच बाईच्या, त्याच यंत्रावरच्या, तीन-सहा आठवड्यांपूर्वीच्या आकड्याशी असते.

साखर सोडून थेट रिसेप्टरच का पाहू नये, हा विचारही जुना आहे. इलिनॉयचे जॉन कॅट्झेनेलेनबोगेन आणि सेंट लुइसचे मायकेल वेल्च यांनी इस्ट्रोजेनलाच फ्लुओरिन-१८ जोडून 'एफईएस' तयार केलं, १९८८ मध्ये ते बायकांमध्ये वापरल्याचं प्रसिद्ध झालं आणि अमेरिकेत त्याला औषध म्हणून परवानगी मिळाली २०२० च्या मे महिन्यात. एफईएसवर उजळणारी जागा म्हणजे इस्ट्रोजेनचा रिसेप्टर असलेली जागा. पसरलेल्या आजारात मूळ गाठ ईआर पॉझिटिव्ह असली तरी हाडातला एखादा ठिपका रिसेप्टर गमावून बसलेला असू शकतो. सुई एका ठिपक्यात जाते, स्कॅन सगळे ठिपके एकदम दाखवतो. लोब्युलर कॅन्सर तर बहुतेक ईआर पॉझिटिव्हच, म्हणून एफडीजीला न दिसणारा पसारा एफईएसवर कधी कधी छान उमटतो. मर्यादा दोन. यकृत हे औषध स्वतःच मोडून काढतं, त्यामुळे ते नेहमीच उजळलेलं असतं आणि त्यातल्या गाठी लपतात. आणि रुग्ण टॅमॉक्सिफेन किंवा फुलवेस्ट्रंटवर असेल तर रिसेप्टर आधीच अडवलेला, स्कॅन खोटा कोरा येतो.

दोन्ही स्कॅन एकत्र वाचले तर काय कळतं, हे सिअ‍ॅटलच्या गटाने २०१७ मध्ये मांडलं. हार्मोनचं औषध सुरू होण्याआधी स्कॅन केलेल्या, पसरलेला ईआर पॉझिटिव्ह आजार असलेल्या ८४ बायका. ज्यांच्यात एफडीजी फिकी होती त्यांचा आजार मधल्या मोजमापाने (मीडियन) दोन वर्षांहून जास्त काळ थोपून राहिला. एफडीजी उजळ पण एफईएसही उजळ, तिथे सुमारे आठ महिने. एफडीजी उजळ आणि एफईएस फिकी, तिथे जेमतेम तीन-साडेतीन महिने. या शेवटच्या गटातल्या बायकांच्या मूळ बायोप्सीवर 'ईआर पॉझिटिव्ह' हेच शब्द होते.

हर-टूसाठीही असंच केलंय. ट्रॅस्टुझुमॅबला झिर्कोनियम-८९ जोडतात. हे औषध म्हणजे अवजड प्रतिपिंड, गाठीत शिरायला त्याला दिवस लागतात, म्हणून ७८ तासांचं अर्धायुष्य असलेलं मूलद्रव्य घ्यावं लागतं आणि स्कॅन इंजेक्शननंतर चार दिवसांनी होतो. बेल्जियम आणि नेदरलँड्समधल्या 'झेफिर' चाचणीत बायोप्सीवर हर-टू पॉझिटिव्ह ठरलेल्या, आजार पसरलेल्या रुग्णांपैकी साधारण २९ टक्के जणींच्या गाठी या स्कॅनवर उजळल्याच नाहीत. सगळ्यांना टी-डीएम-१ हे हर-टूवर बेतलेलं औषध दिलं आणि एका डोसनंतर एफडीजी स्कॅनही केला. हर-टूचा स्कॅन उजळ आणि एफडीजीही उतरलेली, अशा बायकांत औषध मधल्या मोजमापाने १५ महिने चाललं. दोन्ही स्कॅनांनी नकार दिला त्यांच्यात ते तीन महिनेही टिकलं नाही.